झिजणाऱ्या थराचं बिल

उमापूरसारख्या (ता. गेवराई, जि. बीड) गावात जिथे चूल अजून पेटते, तिथे पातेलं चुलीवर चढवण्याआधी बायका त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा नाहीतर राखेचा हात फिरवतात. काजळी मातीवर धरते, घासताना मातीसकट निघून जाते. उद्या परत नवा थर. म्हणजे मंडळी, थर झिजण्यासाठीच असतो, आणि तो वेळच्या वेळी परत द्यायचा असतो.

आता याच जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राचं बघा. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा बॉयलरच्या भट्टीत तापमान हजार अंशांच्या वर, नळ्यांतली वाफ ५४० अंशांच्या आसपास. आपल्या कोळशात राख बहुधा ३० ते ४० टक्के! धुराबरोबर सुसाट उडणारी ही राख नळ्यांना पॉलिशपेपरसारखी घासत राहते. नळी पातळ होत होत एक दिवस भोक पडतं, आणि त्या एवढ्याशा भोकापायी अख्खा संच बंद करून थंड करावा लागतो. पूर्ण क्षमतेने चालणारा २५० मेगावॅटचा संच एक दिवस बंद म्हणजे ६० लाख युनिट गेले.

२०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळी बंद पडलं तेव्हा मोठ्या बातम्या झाल्या. नळी फुटण्याची फार तर दोन ओळींची बातमी होते. पण पाऊस आपल्या हातात नाही, नळी आहे.

उपाय माहितीतलाच आहे. निकेल-क्रोमियमसारखा मिश्रधातू वितळवून नळ्यांवर फवारायचा. थर मिलिमीटरपेक्षाही कमी. विमानाच्या इंजिनात तर पात्याचा धातू वितळेल इतका गरम वायू असतो. आतून खेळवलेली हवा आणि वरचा झिर्कोनियाचा पातळ थर यांच्या जिवावर पाती टिकतात.

मग अडतं कुठे? माझ्या मते, आपण या कामाला रंगकाम समजतो तिथे. जिथे बिल चौरस मीटरवर निघतं, तिथे ठेकेदार चौरस मीटरच भरणार. खरी मेहनत असते थराखाली. कल्हईवाला आधी नवसागराने भांडं साफ करतो, तसाच नळीचा गंज काढून ती खरखरीत करावी लागते. ते नीट झालं नाही तर थर दिसतो चकाचक, पण तापण्या-निवण्यात धातू आणि थर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि पोपडे सुटतात. तोवर बिल पास झालेलं असतं!

म्हणून अर्धे पैसे काम झाल्यावर द्यावेत, उरलेले पुढच्या वार्षिक दुरुस्तीत नळीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून. ठेकेदार म्हणेल, कोळसा खराब आला तर माझा काय दोष? बरोबर आहे. मग राखेची नोंदही करारात घाला. दर वाढेल हेही कबूल. पण तो वाढलेला दर ६० लाख युनिटांच्या शेजारी मांडून बघा.

आपण आयटीवाले नवीन फीचरला टाळ्या वाजवतो आणि मेंटेनन्सला ज्युनिअर पोराला बसवतो, तेव्हा परळीला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाहीच. असो. निदान टेंडरमध्ये एक अट तरी वाढवता येईल.