हे काम मराठी माणसाचेच

‘बेने इस्रायलींचा इतिहास इस्रायलने जपावा’ हे पत्रलेखकाचे मत पटले नाही. १९४८ नंतर या मराठीभाषक ज्यू समाजातली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, हे खरे. पण त्यांचा मागे राहिलेला ऐवज मराठीत आहे. वल्हांडण सणाला वाचायचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ कोकणातल्या गावांवरूनच पेणकर, रोहेकर झाले. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला समाजाचा इतिहास छापून यायला १९३७ साल उजाडले, तेही तेल अवीवमध्ये! पुन्हा अशी हयगय नको. सिनेगॉगमधल्या जुन्या वह्या आणि थडग्यांवरचा मराठी मजकूर रायगडातल्या महाविद्यालयांनी समाजाच्या संमतीने आताच नोंदवून घ्यावा.

– एक वाचक, अलिबाग