विमानाचे तास आणि विमानाचं वय

जुनं छोटं विमान विकायला निघालं की मालक पहिला आकडा सांगतो तो तासांचा. "फक्त अडीच हजार तास झालेत हो!" घेणाराही खूश होतो. जुहूच्या हँगरमध्ये छोट्या विमानांवर उमेदीची वर्षं घालवलेला इंजिनीअर म्हणून सांगतो, मला या आकड्याची धास्ती वाटते. चाळीस वर्षांत अडीच हजार तास म्हणजे विमान बहुतेक काळ नुसतं उभं होतं. कुठे उभं होतं, ते आधी विचारायला हवं. जुहूला समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात खारी हवा पॅनेलच्या फटींतून आत शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते. पत्र्याला लॉगबुकातले तास कळत नाहीत.

अशी विमानं थोडीथोडकी नाहीत. सेस्ना 172 हे एकच मॉडेल 44 हजारांहून अधिक बनलं. कंपनीने 1986 मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं, ते 1996 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्या खंडाच्या आधीची ढीगभर विमानं आजही उडताहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशांना आतून प्रायमरच नाही. तेव्हा तो जादा पैसे मोजून मागून घ्यावा लागे. बनवणाऱ्यांना तरी काय दोष द्यायचा? हे यंत्र पन्नास वर्षं राबवलं जाईल, असं त्यांना वाटलंही नसेल.

लोखंड तांबूस होऊन निदान बोंब तरी मारतं. ॲल्युमिनियम मुकाट्याने जातं. केबिनमधलं कार्पेट उचला, आवाज अडवायला लावलेला फोम दाबून पाहा, बोटं ओली होतात. त्याखाली रिव्हेटच्या डोक्याभोवती टाल्कम पावडर सांडल्यासारखी पांढुरकी भुकटी. ती नखाने खरवडली की खाली बारीक खड्डा. कुठे रंगाखाली दोऱ्यासारख्या रेघा फुगलेल्या, कुठे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतो तिथे कड खाल्लेली. बॅटरीच्या पेटीखालची जागा तर विचारूच नका. शेपटाकडच्या पोकळीत उंदराने घर केलं असेल, तर त्याचं मूतही पत्रा खातं. हे सांगितलं की मालक हसतात. टॉर्च आणि आरसा लावून दाखवलं की गप्प होतात.

खड्डा दिसला की तो घासून साफ करायचा, मग उरलेल्या पत्र्याची जाडी मोजायची. मर्यादेच्या खाली गेली तर ठिगळ लावा किंवा भागच बदला. वरून रंगाचा हात मारणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्या बारीक खड्ड्याने काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. 26 मे 2019 रोजी क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझाजवळ सर्वेक्षणासाठी उडणाऱ्या सेस्ना 210 चा पंख हवेतच तुटला. आतले दोघंही गेले. विमान चाळीस वर्षांहून जुनं. दोन्ही पंखांना जोडणारा मधला आडवा स्पार, म्हणजे तुळईच, मोडली होती. चौकशीत निघालं ते असं, की गंजाच्या एका खड्ड्यापाशी तडा सुरू झाला आणि उड्डाणागणिक वाढत गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, त्या जातीच्या विमानांचे हे स्पार एडी करंटने, म्हणजे धातूतला तडा विद्युतप्रवाहाने हुडकणाऱ्या पद्धतीने, तपासण्याचा हुकूम काढला. हा स्पार बसणाऱ्यांच्या डोक्यावर, आच्छादनाआड असतो. तिथे लावलेला फोम ओल धरून ठेवतो.

नियम नाहीत असं नाही. अमेरिकेत दर बारा महिन्यांनी तपासणी करावीच लागते. भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या किंवा पैसे घेऊन शिकवणाऱ्या विमानाची शिवाय दर शंभर तासांनी. आपल्याकडे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार उड्डाणयोग्यतेचा आढावा दरवर्षी होतो. पण नेहमीची तपासणी आणि म्हाताऱ्या सांगाड्याची तपासणी यांत फरक आहे. सेस्नाने जुन्या विमानांसाठी पूरक तपासण्या ठरवून दिल्या. त्यांत तासांबरोबर वर्षंही मोजली जातात. अमेरिकेने खासगी मालकांवर त्यांची सक्ती केली नाही, ऑस्ट्रेलियाने केली. तिथले मालक खर्चाच्या नावाने खडे फोडत होते. तरी माझं मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. ज्याच्या खिशातून पैसे जायचे, त्यालाच "उघडू का?" असं विचारलं, तर उत्तर ठरलेलंच आहे.

आणि खर्चाचं म्हणाल, तर तो उशिरा उघडण्याचा असतो. किनाऱ्यावरून परत आलेलं विमान गोड्या पाण्याने धुणं, पोटाखालची पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवणं, आतून गंजरोधक तेलाचा फवारा ठरल्या वेळी मारणं, हे मुख्य स्पार बदलण्यापुढे किरकोळ आहे. फवाऱ्यानंतर महिनाभर रिव्हेटांतून तेल पाझरून रंगावर ओघळ येतात म्हणून कटकट करणारे मालक मी पाहिलेत. येऊ द्यात की ओघळ.

हे सगळं हौशी श्रीमंतांपुरतं आहे, असं समजू नका. बारामती, धुळे, गोंदिया इथे मुलं छोट्या विमानांवरच शिकतात. समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिवस काढलेलं विमान धुळ्याला आणलं, तरी त्याच्या आतला खड्डा तसाच राहतो. पालक लाखो रुपये भरताना वसतिगृह विचारतात, सिम्युलेटर विचारतात, नोकरीचं विचारतात. यापुढे आणखी तीन गोष्टी विचारा: विमान कोणत्या सालचं, आजवर कुठे कुठे उभं होतं आणि आतून शेवटचं कधी उघडलं. तिसऱ्याची लॉगबुकातली नोंद डोळ्यांनी बघा. दाखवायला कां-कूं झाली, तर त्या दिवशी फी भरू नका.