छत्तिसाची मोटर, अठ्ठेचाळिसाची बॅटरी

साध्या सायकलला हब मोटरचे किट बसवले, की थोड्याच दिवसांत एक सल्ला हमखास कानावर येतो: ‘३६ व्होल्टची बॅटरी काढा, ४८ ची टाका, गाडी पळेल.’ सल्ला खोटा नाही, गाडी खरेच पळते. पण तो अर्धवट आहे आणि उरलेला अर्धा भाग दुकानदार सहसा सांगत नाही.

हब मोटरचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. ३६ व्होल्टवर ताशी २५ किलोमीटर फिरणारे चाक ४८ व्होल्टवर, काही ओझे नसताना, ३३ च्या आसपास फिरेल. ओढण्याचे बळ मात्र मोटरच्या तारांतून वाहणाऱ्या करंटवर, म्हणजे अँपिअरवर ठरते. चढावर सायकल दमते म्हणून बॅटरी बदलणारे इथेच फसतात. चढासाठी गिअर असलेली किंवा कमी फेऱ्यांची मोटर हवी. सपाट रस्त्यावरही वेग सव्वापटीहून थोडा वाढला, तरी वाऱ्याचा अडथळा कापायला लागणारी शक्ती दुपटीहून अधिक होते. मग चार्ज लवकर संपला की दोष बॅटरीला!

‘४८’ म्हणजे नेमके किती?

गोंधळाचे मूळ या आकड्यात आहे. बॅटरीवर छापलेले व्होल्ट सरासरी असतात. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत १० सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते. ४८ च्या बॅटरीत १३ सेल, पूर्ण चार्जला ५४.६ व्होल्ट. आता ३६ च्या कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टचे असतील, तर ही बॅटरी जोडताच ते मर्यादेबाहेर जातात. मोटरची तार तग धरते, आधी जातो तो कंट्रोलर. शिवाय ३६ चा कंट्रोलर ३० व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडतो. १३ सेलच्या बॅटरीसाठी ही पातळी फार खाली आहे. तिचे रक्षण मग एकट्या बीएमएसवर, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटवर येते. उलट केले, म्हणजे ४८ च्या कंट्रोलरला ३६ ची बॅटरी लावली, तर तो तिला ‘रिकामी’ समजतो आणि सायकल जागची हलत नाही किंवा थोड्याच अंतरात बंद पडते.

त्यामुळे व्होल्टेज जुळवायचे ते बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर या तिघांचे. मोटर यात सर्वांत सोशीक. ४८ ची बॅटरी, ४८ चाच कंट्रोलर आणि करंटवर योग्य मर्यादा असेल तर ३६ ची मोटर चालतेही. मर्यादा सैल ठेवून लांब चढ चढवला की मात्र ती तापते.

खरी भीती चार्जरची आहे. बाजारात ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली लोह-फॉस्फेटच्या १६ सेलच्या बॅटऱ्याही मिळतात. त्यांचा चार्जर ५८.४ व्होल्ट देतो. पिन एकच असेल तर तो १३ सेलच्या बॅटरीत सहज बसतो आणि प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट येतात. बीएमएस धड असेल तर पुरवठा तोडेल. स्वस्तातले बिघडलेले असेल तर रात्रभर घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

म्हणून माझे मत असे, की बॅटरी आणि चार्जर दोन्हींवर सेलची संख्या, सेलचा प्रकार आणि पूर्ण चार्जचे व्होल्टेज ठळक छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक हवे. नुसते ‘४८ व्होल्ट’ लिहून विकणे म्हणजे चपलेवर माप न लिहिता ‘मोठी’ म्हणून विकण्यासारखे आहे. फक्त इथे चावते ती चप्पल नाही.

कायद्याचे काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, अन्य अटींसह, मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच बॅटरीवरील वाहनाला नोंदणी आणि परवान्यातून सूट आहे. बॅटरी बदलून वेग तिशीपार नेला, की ही सूट उरत नाही. नंबरप्लेट नाही, विमा नाही, आणि ब्रेक मात्र साध्या सायकलचेच. वेगाची हौस असेल त्याने नोंदणीकृत ई-स्कूटर घ्यावी. सायकलवर अंतर वाढवायचे असेल तर ३६ व्होल्टचीच, पण १० ऐवजी १५ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. साठा ३६० वॅट-तासांवरून ५४० होतो, कंट्रोलर आणि चार्जर जुनेच चालतात.

घेताना दुकानातच बॅटरी पूर्ण चार्ज करायला सांगा आणि मल्टिमीटर लावून आकडा पाहा. ४२ च्या पुढे गेला, तर ती तुमच्या सायकलची नाही.