‘दुष्काळ काही नवा नाही’

शेंद्र्याच्या परिसरातली मुले-मुली आमच्या वर्गात बसतात. हवामानबदलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “सर, दुष्काळ काही नवा नाही, बहात्तरलाही पडला होता.” हे वाक्य मुलांचे नव्हे. ते त्यांनी व्यासपीठांवरून ऐकलेले आहे आणि, कबूल करावयास हवे, आम्हा प्राध्यापकांच्या तोंडूनही.

भाषा शिकविणाऱ्यांनी तरी या वाक्याची झडती घ्यावयास हवी. १९७२ साली माणसे अन्नावाचून तडफडली. अनेक गावांच्या विहिरींत मात्र पिण्यापुरते पाणी होते. एप्रिल २०१६ मध्ये दुकानांत धान्य होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जायकवाडीतही तेव्हा मृतसाठाच उरला होता. या दोन आपत्तींना एकच शब्द लावला की मधल्या काळात घेतलेल्या कूपनलिकांचा, लावलेल्या उसाचा हिशेब आपोआप टळतो.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेते खरवडून नेली, तेव्हा आपण म्हणालो, ‘निसर्ग लहरी झाला.’ निसर्ग लहरी नाही; तो नियमाने वागतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून तीच हवा जमिनीतला ओलावा अधिक शोषते आणि कोसळते तेव्हा अधिक कोसळते. औद्योगिक युगापूर्वी तिच्यात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० होता. आज तो ४२०च्या पुढे आहे. ही लहर नव्हे. जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा तो परिणाम आहे.

आम्ही उद्योगविरोधी नाही. शेंद्र्याच्या कारखान्यांवर आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांची घरे चालतात. पण छत्रपती संभाजीनगर शहर आणि शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, दोघांचीही तहान जायकवाडीच भागविते. तेव्हा पुढचा भूखंड देण्यापूर्वी, २०१६ सारख्या वर्षी पाणी कोठून आणणार आणि कोणाचे तोडणार, हे आकड्यांत जाहीर व्हावे. ‘हवामानबदल आम्हांला मान्य आहे’ असे आता सारेच म्हणतात. ज्या मान्यतेने एकही निर्णय बदलत नाही, ती मान्यता नव्हे, शिष्टाचार होय.

आणि आम्ही? यापुढे कोणत्याही निबंधात ‘निसर्गाचा कोप’ आढळला, तर आम्ही समासात एवढेच लिहिणार आहोत : कर्ता कोण?