किमतीआधी मान

आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक यंत्र म्हणून फार थोर नव्हती. सकाळी तिला आधी एका बाजूला कलतं करायचं, मग किक मारायची. एकदा, दोनदा, कधी आठ-दहादाही. इंजिन एका बाजूला, त्यामुळे तोल जरा तिकडेच ओढणारा. तरीही १९७२ साली आलेल्या या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले आणि काहींची वाट दहा वर्षांवर गेली. परवाना राज होतं, उत्पादनावर मर्यादा होती, दुसरे पर्याय फारसे नव्हते, हे सगळं खरं. पण नुसत्या टंचाईतून जिव्हाळा येत नाही. रेशनच्या साखरेसाठीही रांग लागायची, म्हणून साखरेच्या पोत्याशेजारी उभं राहून कुणी फोटो काढला नाही. चेतकशेजारी काढला. वडील हँडलवर, धाकटा पुढे उभा, आई मागे एका बाजूला बसलेली, असे फोटो आजही निगडी-चिंचवडच्या कितीतरी घरांत सापडतील. याच स्कूटरसाठी लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापाला मान खाली घालावी लागली, हेही त्या जिव्हाळ्याच्या हिशोबात धरलं पाहिजे. जिथे मान असतो तिथे त्याची वसुली करणारेही येतात.

पिंपरी-चिंचवड-चाकणच्या या पट्ट्यातली माणसं मायक्रॉनमध्ये मोजणारी. भोसरीच्या शेडमध्ये एका जॉबचा सायकल टाइम सेकंदात सांगितला जातो आणि पन्नास पैशांवरून वाटाघाट अडते. त्यामुळे खरेदी हा शुद्ध आकड्यांचा विषय आहे, अशी या पट्ट्याची समजूत आहे. मला ती पटत नाही. इथे घडलेल्या गाड्यांचा इतिहासच तिच्या विरोधात साक्ष देतो.

१९८९ साल घ्या. कायनेटिक होंडा बटण दाबताच सुरू होत होती आणि हीरो होंडाची मोटरसायकल चेतकपेक्षा कितीतरी कमी पेट्रोल पीत होती. आकड्यांच्या लढाईत चेतक मागे पडणार, हे स्पष्ट दिसत होतं. तेव्हा लिंटास या जाहिरात संस्थेने, अलेक पदमसींच्या काळात, ‘हमारा बजाज’ ही मोहीम केली. तिच्यात ना मायलेज होतं ना किंमत. होती ती स्कूटर पुसणारी, मिरवणारी, तिच्यावरून घरची माणसं नेणारी साधी माणसं. ज्या ग्राहकाने ही गाडी आधीच आपली मानली होती, त्याला कंपनीने त्याचंच चित्र दाखवलं. ही मोहीम गाजली ती त्यामुळे, असं माझं मत आहे. तिने भावना तयार केली नाही, घराघरात होती ती ओळखली.

मात्र भावनेवर जुनं यंत्र कायम चालत नाही. मोटरसायकलींनी बाजार घेतला, २००१ साली पल्सर आली, आणि डिसेंबर २००९ मध्ये कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी कंपनी स्कूटरमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. या निर्णयाने आपल्याला वाईट वाटलं, हे त्यांचे वडील आणि कंपनीचे अध्यक्ष राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितलं. उद्योगाचा सगळा ताळेबंद ज्यांच्या समोर होता, त्यांनाही तो निर्णय नुसता ताळेबंद वाटला नाही, याचं मला अप्रूप आहे. पुढे विजेवरची स्कूटर आली तेव्हा कंपनीला नाव शोधायला दूर जावं लागलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतकच पुन्हा समोर आली. सुरुवातीला ती चाकणला बनली, जून २०२२ पासून आकुर्डीतही बनू लागली. जुनं नाव गिऱ्हाइकाला शोरूमच्या दारापर्यंत आणतं. आत आल्यावर तो बॅटरी किती किलोमीटर जाते हेच विचारतो, आणि ते योग्यच आहे.

आता दुसरी गोष्ट, मला जास्त बोचणारी. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेलं, पावसात भिजणारं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना छोट्या मोटारीची कल्पना सुचली. म्हणजे चित्र तेच, आपल्या अल्बममधलं. पिंपरीतल्या टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी त्या कल्पनेवर जीव ओतून काम केलं. जानेवारी २००८ मध्ये नॅनो दाखवली गेली, मार्च २००९ मध्ये बाजारात आली आणि पहिल्या फेरीतच दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. तरीही गुजरातमधल्या साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची असताना कुठल्याही वर्षी एक लाख नॅनो विकल्या गेल्या नाहीत. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना साणंदला हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आगी लागल्या, लोक धास्तावले. ही कारणं मी कमी लेखत नाही. पण ‘जगातली सर्वात स्वस्त मोटार’ हा शिक्का त्याहून जड ठरला. ही गाडी सर्वात स्वस्त म्हणून ओळखली गेली, कंपनीनेही तशीच विकली, ते दुर्दैवी होतं, असं खुद्द रतन टाटांनी २०१३ मध्ये बोलून दाखवलं.

त्यांचं निदान अचूक होतं. स्कूटरवरून मोटारीत जाणारं कुटुंब लाखभर रुपये वाचवायला निघालेलं नसतं. सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना वॉचमनने उठून फाटक उघडावं, सासुरवाडीला गाडी दारासमोर लागावी, मुलीला शाळेत सोडताना तिला संकोच वाटू नये, एवढं त्याला हवं असतं. चेतकने हा मान त्याला दिला होता. नॅनोने छप्पर दिलं, चार दरवाजे दिले, आणि गरिबीची पाटी लावली. ज्या माणसासाठी एवढं कष्टाने यंत्र घडवलं, त्याच्या मनाला विचारायचं राहून गेलं. पिंपरीतच घडलेल्या इंडिकाचाही अनुभव फार वेगळा नाही. १९९८ च्या अखेरीस ती आली तेव्हा लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या. पुढे ती टॅक्सी म्हणून इतकी पळाली की घरच्यासाठी घेताना लोक बिचकू लागले. टॅक्सीवाल्याने निवडलेली गाडी म्हणजे परवडणारी आणि टिकाऊ गाडी, हा साधा हिशोब त्या बिचकण्यापुढे टिकला नाही.

कुणी म्हणेल, ही घरगुती गिऱ्हाइकं. कारखान्याची खरेदी तशी नसते. चाकणच्या कुठल्याही परचेस विभागात थोडा वेळ बसून पाहावं. तीन कोटेशनं समोर असतात आणि ती बहुतेक वेळा एकमेकांच्या जवळपासचीच असतात. नवा व्हेंडर थोडा स्वस्त असतो, तरी ऑर्डर जुन्यालाच जाते. कारण उद्या पार्ट वेळेवर आला नाही आणि लाइन थांबली, तर प्रश्न दराबद्दल विचारला जात नाही. ‘नवा व्हेंडर कुणी आणला?’ हा प्रश्न विचारला जातो. ही भीती कोटेशनच्या कुठल्याच रकान्यात नसते, पण सही तीच करते. चांगला सेल्स इंजिनियर हे जाणतो. तो दर पाडत बसत नाही. आधी छोटा ट्रायल लॉट देतो, रिजेक्शन झालं तर स्वतः येऊन उभा राहतो, रात्रपाळीत फोन उचलतो. भावनेशिवाय निर्णय कसा अडतो, हे मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाबद्दल लिहिताना दाखवलं आहे. मेंदूच्या इजेमुळे भावना बोथट झालेल्या त्या माणसाची बुद्धी शाबूत होती. पण पुढच्या भेटीसाठी दोनपैकी एक तारीख निवडताना तो अर्धा तास दोन्ही बाजूंची कारणं देत राहिला आणि निवड त्याला करताच आली नाही. परचेस ऑफिसरची भीती म्हणूनच मला दोष वाटत नाही. तिच्यामुळे तो निर्णयापर्यंत पोचतो.

माणूस मानासाठी पैसे मोजतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ मालिकेत चारचाकीला ०००१ क्रमांक हवा असेल तर शुल्क लाखांत भरावं लागतं. त्या क्रमांकाने गाडी एक किलोमीटरही जास्त धावत नाही. ज्याच्याकडे जमिनीचे पैसे आहेत त्याने हौसेने ते भरावेत, माझी त्याला काहीच हरकत नाही.

माझी हरकत आहे ती दुसरीकडे. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीत खोली करून राहणारा कंत्राटी कामगार पहिली मोटरसायकल घ्यायला जातो तेव्हाही त्याला मानच हवा असतो. गावी दसऱ्याला ती अंगणात उभी करायची असते, आईच्या हातचं कुंकू चाकाला लागायला हवं असतं. त्याची ही इच्छा मला चेतकवाल्या बापाच्या इच्छेइतकीच आदराची वाटते. पण अनेक शोरूममध्ये या इच्छेकडे पाहून बोलणं फक्त डाउन पेमेंट आणि महिन्याच्या हप्त्यापुरतं ठेवलं जातं. एकूण किती जाणार, हे शेवटपर्यंत ऐकू येत नाही. ॲक्सेसरीज, हाताळणीचा खर्च, वाढीव विमा, सगळं ‘आजच मुहूर्त आहे’ या एका वाक्याखाली सरकवलं जातं. अनेकांचा कामाचा करार वर्षभराचाही नसतो, कर्ज मात्र दोन-तीन वर्षांचं. काम सुटलं की गाडी उचलून नेली जाते, आणि ज्या अंगणात कुंकू लागलं तिथे आता शेजारी विचारत राहतात. मानासाठी घेतलेल्या वस्तूने मान घालवणं, यापेक्षा वाईट विक्री मला माहीत नाही.

यावर नियम नाही असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासाठी कर्जदाराला मुख्य बाबींचं एक विवरणपत्र देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर असतो, एकूण फेडीची रक्कम असते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्या कागदावरच्या अटी किमान तीन कामाचे दिवस वैध राहतात. म्हणजे कागद घरी न्यावा, खोलीतल्या मित्राला दाखवावा, गावी फोन करावा, मग हो म्हणावं, एवढी सवड नियमाने दिली आहे. दसऱ्याच्या गर्दीत ती सवड देणारा सेल्समन क्वचित भेटतो, आणि मागणारा कामगार त्याहून क्वचित, कारण अशी काही तरतूद आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे सांगण्याचं काम चाकण-पिंपरीच्या कंपन्यांचे एचआर विभाग आणि कामगार संघटना सहज करू शकतात. कँटीनच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत हा नियम लावावा, आणि तो घटस्थापनेच्या आधी लावावा, कारण बुकिंग त्याच दिवसांत होतं.