चिखल चार दिवसांचा, घाट बारा महिन्यांचा

सदर : चाकांची गोष्ट



मृग जवळ आला की टायरची आठवण होते. गेल्या महिन्यात खानापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारलं होतं, "घरात थार आहे, टायर झिजलेत. मुलगा म्हणतो, मोठ्या गुट्ट्यांचे चिखलाचे टायर घालू. हे म्हणतात, होते तसलेच घाला. कुणाचं ऐकू?" प्रश्न एका घरातला असला तरी थार, जिम्नी किंवा गुरखा दारात उभी असलेल्या प्रत्येक घरात तो कधी ना कधी येतोच. म्हणून यावेळचं सदर त्यावरच.

आधी टायरच्या तीन जाती बघू. एच/टी हा डांबरी रस्त्याचा टायर. नक्षी बारीक, आवाज कमी, पकड छान, पण चिखलात लगेच हात टेकतो. एम/टी म्हणजे मड टेरेन, खास चिखलाचा. रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद, खोल खाचा असतात. चाक जोरात फिरलं की खाचेत अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि टायर पुन्हा पकडायला मोकळा होतो. या दोघांच्या मधला तो ए/टी, म्हणजे ऑल टेरेन. ठोकळे मध्यम, खाचा मध्यम, आणि ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा. या चिरा लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता आपला मुलूख बघा. बेळगाव जिल्ह्यात चिखलही एक नाही. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती, खाली मुरूम आणि जांभा. वरचा थर निसरडा असतो, पण चाक थोडं रुतलं की खाली टणक लागतं. इथं चांगला ए/टी बहुतेक वेळा निभावून नेतो. अरुंद टायरही वरचा चिखल कापून खालचा मुरूम पकडतो. जिम्नीचा १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर बघून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पूर्वेला बैलहोंगल, अथणीकडे गेलात तर काळी माती. ती ओली झाली की टायरच्या खाचा लिंपून टाकते आणि चार पावलांत ए/टी गुळगुळीत होऊन बसतो. तिथं एम/टीचा उपयोग खरा आहे. ज्यांचं शेत काळ्या रानात आहे आणि पावसाळ्यात रोज बांधापर्यंत गाडी न्यावी लागते, त्यांनी एम/टी घ्यावा, माझी काही हरकत नाही.

पण आपल्यातले किती जण रोज बांधावर जातात? आपली गाडी जाते कुठं? मुलांच्या शाळेला, मार्केटला, लग्नाला हुबळीला, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचा घाट उतरून खाली. म्हणजे बहुतेक प्रवास डांबरावरचा, आणि त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग पावसातल्या ओल्या घाटाचा. टायर निवडायचा तो या भागासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही कुलदेवतेच्या दर्शनाला फोंड्याला निघालो होतो. गाडी पुतण्याची, जुनी विकत घेतलेली, आधीच्या मालकाने एम/टी घातलेले. पुतण्या चालवत होता, पुढं वहिनी, मागं मी आणि त्याची लहान मुलगी. चोर्ला उतरताना एका वळणानंतर समोर बस थांबलेली दिसली. वेग जास्त नव्हता, अंतरही बरं होतं. त्यानं वेळेवर ब्रेक दाबला, एबीएसची थरथर पायाला लागली, पण गाडी थांबेना, घसरतच पुढं निघाली. बसपासून हातभर अंतरावर थांबली. गाडीत कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं पुतण्याच म्हणाला, "काका, फोर बाय फोर लावूनसुद्धा असं कसं हो झालं?"

त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक फोर व्हील ड्राइव्हवाल्यानं पाठ करावं. फोर बाय फोर गाडीला पुढं ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतातच. थांबवतो तो टायर. ओल्या डांबरावर एम/टी तिथंच कमी पडतो. खाचा रुंद असल्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर मुळात थोडं असतं. ठोकळे उंच, त्यामुळे ब्रेक दाबला की ते वाकतात. आणि पाण्याचा पातळ थर फोडून डांबर पकडणाऱ्या त्या बारीक चिरा त्यांच्यावर फार थोड्या असतात. घाटात पाण्यासोबत पालापाचोळा, चिखल आणि गाड्यांचं तेलही असतं. चिखलात राजा असलेला टायर अशा रस्त्यावर लंगडा पडतो. शिवाय तो जड असतो, डिझेल जास्त खातो, डांबरावर लवकर झिजतो, आणि ऐंशीच्या वेगाला भुणभुण अशी की मागच्या सीटवरच्या माणसाला ओरडून बोलावं लागतं.

पुतण्यानं पुढच्या आठवड्यात ए/टी घातले. "दिसायला तेच भारी होते की हो काका," असं अजून म्हणतो. दिसायला भारी होते, हे मलाही मान्य आहे.

तर मंडळी, दुकानात गेल्यावर काय बघायचं?

पहिलं, माप. समजा टायरवर २५५/६५ आर १८ लिहिलंय. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर. १८ म्हणजे रिम इंचात. असा टायर जमिनीपासून वरपर्यंत सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. यापेक्षा पाच टक्के मोठा टायर घातला, तर काटा ऐंशी दाखवताना गाडी चौऱ्याऐंशीच्या आसपास पळत असते. ब्रेकवर ताण वाढतो, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीनं प्रश्न विचारले तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. घरच्या गाडीला कंपनीनं मंजूर केलेलंच माप ठेवावं.

दुसरं, मापापुढचा आकडा आणि अक्षर. आकडा एका टायरनं पेलायच्या वजनाचा असतो : १०० म्हणजे ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. अक्षर वेगाचं : एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. मूळ टायरपेक्षा आकडा खाली येता कामा नये, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

तिसरं, जन्मतारीख. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला टायर "नवाच आहे" म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

चौथं, बाजूची भिंत. जांभ्याच्या कडा धारदार असतात. जंगलाच्या वाटेवर टायर तळाला कमी आणि कुशीत जास्त फाटतो, आणि कुशीतला काप पंक्चरवाल्याकडे नीट होत नाही. म्हणून दोन ए/टीमधून निवडायचं असेल, तर खानापूर भागातल्यांनी जाड कुशीचा घ्यावा.

पाचवं, चारही टायर एकाच वेळी, एकाच जातीचे बदलावेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची असावी. पुढं नवे आणि मागं झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि फोर बाय फोर लावल्यावर गिअरच्या भागांवर उगाच ताण येतो. स्टेपनीसह पाचही टायर फिरते ठेवले तर सारखे झिजतात. खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. रबर तिथवर उतरलं की टायर संपला. पण घाटात जाणाऱ्यांनी त्या खुणेची वाट बघू नये, त्याच्या बरंच आधी दुकान गाठावं.

आणि चिखलाच्या त्या चार दिवसांचं काय? त्यासाठी नवे टायर नकोत, हवा मोजायचा काटा आणि सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप पुरे. मऊ चिखलात किंवा रेतीत हवा १८ ते २० पीएसआयवर आणली की टायर लांब पसरतो आणि पकड वाढते. वेग मात्र बैलगाडीचाच हवा, आणि डांबर लागलं की थांबून हवा पूर्ववत करायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. रेतीचा विषय निघालाच आहे तर मुलांना सांगून ठेवा, गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. तिथं टायर कुठलाही असो, पोलीस पकडतात.

गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची स्पर्धा होते. तिथल्या गाड्यांचे टायर बघून मुलांचे डोळे विस्फारतात, ते साहजिक आहे. पण त्या गाड्या चिखलासाठीच सजवलेल्या असतात. आपल्या गाडीत मागच्या सीटवर आजी बसलेली असते.

तेव्हा खानापूरच्या ताई, उत्तर असं : तुमच्या यजमानांचं आणि मुलाचं, दोघांचंही थोडं थोडं ऐका. चांगला ए/टी घ्या, माप तेच ठेवा, आणि मुलाला टायरऐवजी एक पंप घेऊन द्या. शेत काळ्या मातीत असेल तर मात्र मला पुन्हा लिहा, मग वेगळं बोलू.

पुढच्या अंकात वायपर, दिवे आणि धुक्यातला आंबोली घाट. तोवर घाटात सांभाळून, आणि निघण्याआधी हवा नक्की बघा.