उसनें फेडावयाचें कीं नाहीं?

शेजारच्या घरून पायलीभर जोंधळे उसने आणले तर सुगी होतांच ते परत करावे, ही रीत कुणब्याच्या पोराला शिकवावी लागत नाहीं. असेंच एक उसनें परळ-लालबागच्या आम्हां लोकांच्या शिरावर चढलें आहे.

सन २०२३ सालीं अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशीं, २८ सप्टेंबरला आलीं. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघणारी ईदची मिरवणूक मुसलमान बांधवांनीं २९ तारखेस नेली. कां, तर आमच्या विसर्जनास अडचण पडूं नये. २०२४ सालची ईद १६ सप्टेंबरची, मिरवणूक १८ ला. २०२५ ची ईद ५ सप्टेंबरची, मिरवणूक ८ ला. तीन वर्षें ओळीनें! पैगंबराच्या जन्मदिवसाची मिरवणूक पुढें ढकलणें म्हणजे काय, हें ज्याला समजत नसेल त्यानें विसर्जन तीन दिवस पुढें नेण्याची गोष्ट आपल्या मंडळांत काढून पाहावी. शिवाय लालबागचा राजा भायखळ्याच्या हिंदुस्तानी मशिदीपाशीं येतो, तेव्हां तेथील मुसलमान त्याजवर फुलें उधळतात.

कोणी म्हणेल, त्यांचा सण, आम्हांस काय? त्यानें घाटावर जावें. सांगली जिल्ह्यांत कडेगांवास मोहरमांत उंच ताबूत निघतात, त्यांत हिंदूंचेहि असतात. कोल्हापुरांत बाबुजमाल दर्ग्याच्या दारावर गणपति कोरलेला आहे. जुन्या मुंबईंतहि मोहरमांत हिंदु कामकरी सामील होत. १८९३ च्या ऑगस्टांत येथें दंगा झाला, त्यांत गिरणीवालेहि उतरले. पुढच्या सालीं पुण्यांत, हिंदूंनीं ताबुतांकडे जाऊं नये, अशी हांकाटी उठली. हातचा ताबूत सुटला तो असा.

जोतीरावांची शाळा सुटली होती, तेव्हां गफार बेग मुनशींनीं गोविंदरावांची समजूत घालून त्यांस पुन्हां शाळेंत घालविलें. त्याच जोतीरावांनीं पुढें, एका घरांत नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांनीं निरनिराळे धर्म पाळून गोडीनें नांदावें, असें लिहून ठेविलें. एका घरांत जें चालतें तें एका रस्त्यावर कां चालूं नये?

मुसलमानी वर्षांत अधिक मास नाहीं, म्हणून ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आतां कांहीं सालें ती श्रावणांत येईल, आणि श्रावणांतच परळच्या कारखान्यांतून मोठाल्या मूर्ति वाजतगाजत निघूं लागतात. दोन्ही एका दिवशीं आलीं तर आगमनाची मिरवणूक आमच्या मंडळांनीं आपण होऊन दुसऱ्या दिवशीं न्यावी; पोलिसांच्या सांगण्याची वाट पाहूं नये. वाटेंत नमाजाची वेळ झाली तर ताशा खालीं ठेवावा. मोहरमांत सबिलीवरचा एक हंडा आपल्या चाळीनें भरावा. ईदेच्या शीरखुर्म्याची वाटी घरीं आली तर ती रिकामी परत धाडूं नये. पण ही शेवटली गोष्ट आमच्या बायांस सांगणें नको, मंडळांच्या अध्यक्षांपेक्षां त्यांस ती आधींपासून ठाऊक आहे.